म्युलर हे आडनाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन शिकणारे विद्यार्थी, नोकरीनिमित्त जर्मनीत राहणारी मराठी कुटुंबे आणि मॅक्स म्युलर यांच्याविषयी वाचलेले जिज्ञासू यांच्याकडून या आडनावाबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आरंभी प्राथमिक प्रश्न घेतले असून अपवाद आणि अडचणीच्या बाबी पुढे येतात. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्या उत्तरात पुन्हा न देता तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. म्युलर या आडनावाचा अर्थ काय?

म्युलर म्हणजे गिरणीवाला, लोकांचे धान्य दळून देणारा. जर्मनमध्ये गिरणीला 'म्यूलऽ' म्हणतात. ती चालवणाऱ्याला मध्ययुगीन जर्मनमध्ये 'म्युलनर' किंवा 'म्युलर' म्हणत. या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'मोलिनारियुस' या शब्दात आहे. हाताने फिरवायचे जाते युरोपात फार जुने असले, तरी पाण्याच्या जोरावर चालणारी गिरणी जर्मन प्रदेशात रोमन लोकांबरोबर आली आणि यंत्राबरोबर त्याचे नावही आले. आपल्याकडे 'मशीन' हा शब्द यंत्रासोबतच रुजला, तशीच ही घडामोड आहे.

२. याचा उच्चार मराठीत कसा करावा? म्युलर, मुल्लर की मुलर?

पहिल्या अक्षरातील स्वर मराठीत नाही. 'ऊ' म्हणताना ओठ जसे गोल होतात तसेच ते ठेवून ऱ्हस्व 'इ' म्हणण्याचा प्रयत्न केला, की तो स्वर मिळतो. शेवटचा 'र' जर्मन माणूस स्पष्ट उच्चारत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला नाव 'म्युला' असे काहीसे ऐकू येते. लिहिताना 'म्युलर' हे रूप मराठीत रूढ आहे आणि तेच वापरणे सोयीचे ठरते. 'मुलर' लिहिल्यास मूळ स्वर पूर्णपणे हरवतो, म्हणून ते टाळलेले बरे.

३. काही कागदपत्रांत 'यू' अक्षरावर दोन टिंबे असतात आणि काही ठिकाणी त्याऐवजी 'यू' व 'ई' अशी दोन अक्षरे असतात. हे एकच आडनाव आहे का?

उच्चार आणि अर्थ एकच आहे, पण कागदोपत्री ती दोन वेगळी आडनावे असू शकतात. जुन्या हस्तलिखितांत 'यू'च्या डोक्यावर छोटेसे 'ई' लिहीत असत. त्याचेच पुढे दोन रेघा आणि नंतर दोन टिंबे झाली, म्हणून टिंबांऐवजी 'ई' लिहिणे ही चूक नसून एका अर्थी जुनी रीत आहे. मात्र ज्याच्या जन्मनोंदीत टिंबे आहेत त्याचे अधिकृत आडनाव टिंबांचे आणि ज्याच्या नोंदीत 'ई' आहे त्याचे 'ई'चेच राहते.

खरी अडचण पारपत्रात येते. जर्मन पारपत्रावर आडनाव टिंबांसह छापलेले असते, पण यंत्राने वाचायच्या खालच्या दोन ओळींत टिंबे चालत नाहीत, म्हणून तेथे 'यू-ई' असे लिहिले जाते. एकाच पारपत्रात नाव दोन तऱ्हांनी दिसल्याने व्हिसाचा अर्ज भरणारे गोंधळतात. विमानाचे तिकीट काढताना यंत्रवाच्य ओळीतील अक्षरे वापरणे सर्वांत सुरक्षित. टिंबे नुसती गाळून साधा 'यू' लिहू नये, कारण तसे नाव पारपत्रात कोठेच नसते.

४. हे जर्मनीतील सर्वाधिक आढळणारे आडनाव आहे, हे खरे का?

होय. जर्मनीत साधारण शंभर माणसांमागे एक म्युलर सापडतो आणि स्वित्झर्लंडमध्येही हे आडनाव पहिल्या क्रमांकावर आहे. ऑस्ट्रियात मात्र तो मान ग्रूबर या आडनावाकडे जातो. एक बारकावा येथे सांगायला हवा. लोहार या अर्थाचे श्मिट हे आडनाव चार-पाच तऱ्हांनी लिहिले जाते आणि त्या सगळ्या तऱ्हा एकत्र मोजल्या तर श्मिट पुढे जाते. म्युलर पहिले आहे ते एका विशिष्ट लिखित रूपापुरते.

जर्मनीतील सर्वाधिक प्रचलित दहा आडनावे पाहिली तर ती सगळीच कामावरून किंवा पदावरून आलेली आहेत: म्युलर, श्मिट, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे मासेमार, वेबर म्हणजे विणकर, मायर म्हणजे जमिनीचा कारभारी, वाग्नर म्हणजे गाडे बनवणारा, बेकर म्हणजे भट्टीवाला, शुल्त्स म्हणजे गावचा प्रमुख आणि होफमान म्हणजे वाड्याच्या शेतीवरचा माणूस. शुल्त्सला आपला 'पाटील' जवळचा वाटेल.

५. गिरणीवाले इतके होते का, की त्यांचेच आडनाव सर्वांत पुढे गेले?

उत्तर नेमके उलट आहे. गावात शेतकरी शेकडो असत आणि गिरणीवाला बहुधा एकच असे. ज्या गावात सगळेच शेतकरी आहेत, तेथे 'शेतकरी हान्स' म्हणून कोणाचीच ओळख पटत नाही, पण 'गिरणीवाला हान्स' म्हटल्यावर कोणताही संशय उरत नाही. आडनाव म्हणजे वेगळेपणाची खूण. जो धंदा प्रत्येक गावात होता, पण प्रत्येक गावात एकाच घराकडे होता, तोच या खुणेसाठी सर्वांत सोयीचा ठरला.

दुसरे कारण सरंजामी व्यवस्थेत आहे. ओढ्यावर किंवा नदीवर गिरणी बांधण्याचा हक्क जमीनदाराकडे, मठाकडे किंवा राजाकडे असे. परिसरातील शेतकऱ्यांनी त्याच गिरणीत दळण न्यावे, असे सक्तीचे बंधन घातलेले असे. गिरणीवाला ती गिरणी खंडाने चालवी आणि दळणाचा मोबदला पिठातून किंवा धान्यातून घेई. हा वाटा अनेक ठिकाणी सोळावा हिस्सा इतका होता. अशा रीतीने आठवड्यागणिक सगळ्या गावाचा त्याच्याशी संबंध येई आणि त्याचे कामच त्याचे नाव होऊन जाई. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यात ही दळणाची सक्ती १८१० मध्ये रद्द झाली, पण तोवर आडनावे केव्हाच पक्की झाली होती.

६. आडनावे नक्की केव्हा पक्की झाली?

एका दिवशी किंवा एका कायद्याने नाही. बाराव्या शतकापासून दक्षिणेतील आणि पश्चिमेतील शहरांत दुसरे नाव लावण्याची रीत सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत ती खेड्यांपर्यंत पोहोचली. उत्तरेकडील फ्रीजलंडमध्ये मात्र वडिलांच्या नावावरून मुलाचे नाव ठेवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकून होती आणि नेपोलियनच्या राजवटीत, १८११ च्या हुकमाने, तेथील लोकांना कायमचे आडनाव घ्यावे लागले.

लक्षात ठेवण्याजोगा क्षण आहे तो नाव गोठण्याचा. जोवर गिरणीवाल्याचा मुलगा चर्मकार झाल्यावर त्याला गावकरी चर्मकारच म्हणत होते, तोवर ते वर्णन होते. चर्मकार झाल्यावरही तो म्युलरच राहिला, तेव्हा ते आडनाव झाले.

७. मग प्रत्येक म्युलरचा पूर्वज गिरणीवाला होता, असे म्हणता येईल का?

बहुतेकांच्या बाबतीत येईल, पण तो पूर्वज पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीचा एक माणूस असतो, एवढे ध्यानात ठेवून. नाव गोठल्यानंतर त्या घराने कोणता धंदा केला, याविषयी आडनाव काहीच सांगत नाही. देसाऊ येथील कवी विल्हेल्म म्युलर यांचे वडील शिंपी होते आणि खुद्द विल्हेल्म यांनी गिरणीवाल्याच्या मुलीवर जीव जडलेल्या एका तरुण कामगाराची कवितामालिका लिहिली, जिला संगीतकार शूबर्टने १८२३ मध्ये स्वरबद्ध केले.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. १७७९ मध्ये प्रशियात ज्या गिरणीवाल्याच्या खटल्याने खळबळ उडवली, त्याचे आडनाव आर्नोल्ड होते. वरच्या अंगाला एका जमीनदाराने माशांचे तळे केल्यामुळे आपल्या गिरणीला पाणी पुरत नाही आणि खंड भरता येत नाही, अशी त्याची तक्रार होती. न्यायालयांनी ती फेटाळल्यावर राजा दुसऱ्या फ्रीडरिशने हस्तक्षेप करून न्यायाधीशांनाच तुरुंगात टाकले. न्यायालयाच्या स्वातंत्र्याच्या चर्चेत हा खटला आजही निघतो. त्याला 'म्युलर आर्नोल्ड' म्हणतात, पण येथे 'म्युलर' हा धंदा आहे, आडनाव नव्हे.

८. जर्मनीतील सगळे म्युलर एकमेकांचे नातेवाईक आहेत का?

नाहीत. हे आडनाव शेकडो गावांत स्वतंत्रपणे जन्मले, त्यामुळे शेजारच्या दोन गावांतील म्युलरांचाही काही संबंध नसू शकतो. प्रसिद्ध उद्योगांच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो: दही-दुधाची म्युलर कंपनी आणि म्युलर नावाची सौंदर्यप्रसाधनांची दुकाने यांचा परस्परांशी संबंध नाही.

९. ही जात आहे का? मराठी आडनावावरून अनेकदा जातीचा अंदाज बांधला जातो, तसे येथे होते का?

आजच्या जर्मनीत होत नाही. म्युलर हे नाव ऐकून त्या माणसाचे सामाजिक स्थान, धर्मपंथ किंवा प्रदेश कोणालाही कळत नाही. या नावाचे कॅथलिक आहेत, प्रॉटेस्टंट आहेत, निधर्मी आहेत आणि ज्यूही आहेत.

तरीही इतिहासात एक कडू प्रकरण आहे आणि ते झाकून ठेवू नये. मध्ययुगाच्या अखेरीस आणि पुढेही अनेक व्यावसायिक संघ काही धंद्यांना 'अप्रतिष्ठित' मानीत. त्या धंद्यांतील घरांच्या मुलांना इतर संघांत उमेदवार म्हणून घेत नसत आणि त्यांच्या मुलींशी लग्न करणाऱ्या कारागिराला संघातून बाहेर काढले जाई. या यादीत मेंढपाळ, लिननचे कापड विणणारे, न्हावी, स्नानगृहवाले, पिपाणीवाले यांच्याबरोबर अनेक ठिकाणी गिरणीवालेही होते. गिरणीवाल्यावर मापात मारण्याचा संशय कायम असे, कारण दळणाला टाकलेले धान्य आणि परत आलेले पीठ यांतला फरक गिऱ्हाइकाला मोजता येत नसे. गिरणी गावाबाहेर, पाण्याच्या काठी, रात्रंदिवस घरघरत असे, याचाही लोकांच्या मनावर परिणाम झाला असावा, असे मला वाटते. १५४८ आणि पुन्हा १५७७ च्या, तेव्हाच्या पवित्र रोमन साम्राज्याच्या नियमावलीत या धंद्यांतील मुलांना संघांनी नाकारू नये, असे बजावावे लागले आणि १७३१ मध्ये हस्तव्यवसायांच्या कायद्यात तोच मुद्दा पुन्हा आला. एकच आज्ञा तीनदा काढावी लागते, तेव्हा ती पाळली जात नव्हती हे उघड आहे. जन्मावरून धंद्याचे दार बंद करण्याचा हा प्रकार मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. पण त्याला शास्त्राचा आधार नव्हता, तो गावोगाव वेगळा होता आणि आडनावाला तो चिकटून राहिला नाही.

१०. मराठीत याच अर्थाचे आडनाव का नाही?

सुतार, लोहार, सोनार, कुंभार, तेली ही आडनावे आपल्याकडे आहेत, पण धान्य दळणाऱ्याचे जुने आडनाव सापडत नाही. कारण महाराष्ट्रात दळण हा कोणाचा धंदा नव्हता. ते घरातील बायकांचे पहाटेचे काम होते आणि जात्यावरच्या ओव्या त्याची साक्ष देतात. बलुतेदारांच्या प्रचलित याद्यांत लोहार आहे, सुतार आहे, परीट आहे, पण दळण दळून देणारा नाही. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा आडनावे ठरून गेली होती. तेलाचा घाणा मात्र घरोघर नव्हता, म्हणून तेली हे नाव झाले. जे श्रम बायकांनी मोबदल्याशिवाय घरात केले, त्यांच्यावरून कोणाचेच आडनाव पडले नाही, ही गोष्ट मला या साऱ्या तुलनेतली सर्वांत महत्त्वाची वाटते.

११. म्योलर, मिलर, म्युलनर, मोलिटर ही वेगळी आडनावे आहेत का?

मूळ एक, बोली वेगळ्या. म्योलर हे उत्तर जर्मनीतील रूप आहे आणि डेन्मार्कमध्येही ते आढळते. दक्षिणेत, विशेषतः बव्हेरियाच्या स्वाबियन भागात, ओठ गोल न करता बोलण्याच्या सवयीने मिलर झाले. म्युनिकच्या तांत्रिक वस्तुसंग्रहालयाचे संस्थापक ओस्कार फोन मिलर हे त्याचे ठळक उदाहरण. म्युलनर हे रूप बव्हेरिया आणि ऑस्ट्रियात टिकले.

मोलिटर आणि म्युलियुस ही विद्वानांची करामत आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत शिकलेल्या लोकांना साधे जर्मन आडनाव उणे वाटू लागले आणि त्यांनी ते लॅटिन किंवा ग्रीक वळणाचे करून घेतले. काहींनी तर आडनाव टाकूनच दिले. खगोलशास्त्रज्ञ योहानेस म्युलर (१४३६–१४७६) यांना जग रेगिओमोंटानुस या नावाने ओळखते, कारण त्यांचे नाव त्यांच्या जन्मगावाच्या, कोनिग्सबेर्गच्या, लॅटिन भाषांतरावरून रूढ झाले.

शेजारच्या भाषांत मुल्डर (डच), म्लीनार्श (चेक), मोल्नार (हंगेरियन), मेलनिक (युक्रेनियन), म्युनिए (फ्रेंच) आणि मोलिनारी (इटालियन) ही त्याच अर्थाची नावे आहेत.

१२. लोहम्युलर, पुल्फरम्युलर अशी जोडनावे कशी आली?

गिरणी म्हणजे केवळ पिठाची नव्हे. पाण्याच्या चाकावर लाकूड कापले जाई, तेल गाळले जाई, कापड कुटून घट्ट केले जाई. न्युर्नबेर्गमध्ये १३९० मध्ये कागदाची गिरणीही सुरू झाली. लोहम्युलर हा कातडे कमावण्यासाठी झाडाची साल कुटणारा, पुल्फरम्युलर हा बंदुकीची दारू तयार करणारा, सेगम्युलर हा लाकूड कापणारा आणि विंडम्युलर हा पवनचक्कीवाला. ओबरम्युलर, नॉयम्युलर यांसारखी नावे मात्र कामाची नसून जागेची आहेत: वरची गिरणी, नवी गिरणी.

१३. अमेरिकेतील मिलर हे सगळे मूळचे म्युलर का? न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, जेथे स्थलांतरितांची तपासणी होई, अधिकाऱ्यांनी नावे बदलली, असे ऐकले आहे.

सगळे नाहीत, कारण मिलर हे अस्सल इंग्रजी आडनावही आहे. पण त्यांतील अनेक घराणी जर्मन आहेत. अधिकाऱ्यांनी नावे बदलल्याची कथा मात्र खरी नाही. एलिस बेटावरील तपासनीस जहाजाच्या प्रवासी-यादीवरून काम करीत आणि ती यादी निघण्याच्या बंदरावरच तयार झालेली असे. नाव बदलले ते बहुधा पुढे, शेजारी, शाळा आणि मालक यांच्या तोंडी रुळताना आणि अनेकदा कुटुंबाच्या स्वतःच्या इच्छेने. काहींनी टिंबे गाळली. आनुवंशिकीतील संशोधनासाठी १९४६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवणारे हर्मन जोसेफ मलर यांचे आडनाव असेच आहे.

१४. स्त्रियांचे आडनाव वेगळे असते का? लग्नानंतर काय होते?

पूर्वी स्त्रीच्या आडनावाला 'इन' हा प्रत्यय लागे आणि म्युलरची पत्नी किंवा मुलगी म्युलरिन होई. जर्मन नाटककार शिलरच्या १७८४ च्या नाटकातील नायिका लुईसे मिलेरिन म्हणून ओळखली जाते ती याच रीतीने. प्रमाण भाषेतून हा प्रत्यय गेला असून आज स्त्री-पुरुष दोघेही म्युलरच असतात.

लग्नाबाबत कायदा टप्प्याटप्प्याने बदलला. १९७६ पर्यंत पतीचे आडनावच कुटुंबाचे आडनाव असे. त्यानंतर दोघांपैकी कोणाचेही निवडण्याची मुभा मिळाली, पण एकमत न झाल्यास पतीचेच लागे. घटना न्यायालयाने १९९१ मध्ये हे समानतेच्या विरोधात ठरवल्यावर १९९४ पासून दोघांना आपापले आडनाव ठेवता येऊ लागले. १ मे २०२५ पासून दोघेही आणि मुलेही जोड-आडनाव लावू शकतात. जर्मनीत लग्न करणाऱ्या मराठी वाचकांनी हा निर्णय नोंदणीपूर्वी करावा, कारण नंतर भारतीय पारपत्रातील नावाशी मेळ घालणे किचकट होते.

१५. आडनाव फार सर्वसाधारण आहे म्हणून ते बदलता येते का?

जर्मनीत आडनाव हौसेने बदलता येत नाही, त्यासाठी महत्त्वाचे कारण दाखवावे लागते. पण म्युलर, मायर, श्मिट, शुल्त्स यांसारख्या नावांचा प्रशासकीय नियमांत स्वतंत्र विचार आहे. ही नावे इतकी पसरलेली आहेत, की त्यांची ओळख पटवण्याची ताकद उरलेली नाही, हे तेथे कारण म्हणून मान्य होते.

न बदलताही लोकांनी वाटा शोधल्या. १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहावर जर्मनीतर्फे सही करणारे आणि पुढे दोनदा चान्सलर झालेले हर्मान म्युलर यांना संसदेतील इतर म्युलरांपासून वेगळे ओळखण्यासाठी मतदारसंघावरून म्युलर-फ्रांकेन म्हणत.

१६. मॅक्स म्युलर यांच्या नावात 'मॅक्स' हे नाव आहे की आडनाव? आणि ते मोक्षमूलर कसे झाले?

त्यांचे बारशाचे नाव फ्रीडरिश माक्सिमिलियान होते. ते १८२३ मध्ये देसाऊ येथे जन्मले आणि प्रश्न ७ मध्ये आलेले कवी विल्हेल्म म्युलर हे त्यांचे वडील. केवळ म्युलर म्हणून आपण गर्दीत हरवून जाऊ, असे वाटल्याने त्यांनी मॅक्स हे नाव आडनावालाच जोडून घेतले. म्हणून 'मॅक्स म्युलर' हे दोन्ही शब्द मिळून आडनाव समजावे.

सायणभाष्यासह ऋग्वेदाची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८४९ ते १८७४ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झाली. तिच्या संस्कृत मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःला 'मोक्षमूलरभट्ट' आणि ऑक्सफर्डला 'गोतीर्थ' म्हटले आहे. 'मोक्षमूलर' हे ध्वनीवरून केलेले संस्कृतीकरण आहे, त्यात गिरणीचा अर्थ उरलेला नाही. अर्थाचे भाषांतर न करता नादाला अर्थ देणे ही संस्कृत पंडितांची जुनी रीत त्यांनी उचलली आणि ती त्यांना साधली.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध टिळकांमुळे जिव्हाळ्याचा झाला. १८९७ मध्ये लोकमान्यांना राजद्रोहाखाली शिक्षा झाल्यावर त्यांच्या सुटकेसाठी झालेल्या अर्जावर म्युलर यांची सही होती, आणि ऋग्वेदाच्या आपल्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्यांनी तुरुंगात धाडली, हे टिळकांनी स्वतः नोंदवले आहे. म्युलर भारतात कधीही आले नाहीत, तरी जर्मन भाषा शिकवणारी संस्था पुण्यात आणि मुंबईत त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१७. या आडनावाची आणखी कोणती माणसे माहीत असावीत?

यादी न संपणारी आहे, म्हणून माझ्या आवडीची तीन नावे. फुटबॉलपटू गेर्ड म्युलर यांनी पश्चिम जर्मनीसाठी ६२ सामन्यांत ६८ गोल केले आणि १९७४ च्या विश्वचषकाचा निर्णायक गोल त्यांचाच. रुमानियातील जर्मनभाषक अल्पसंख्याकांत वाढलेल्या हेर्टा म्युलर यांना २००९ चे साहित्याचे नोबेल मिळाले. स्विस रसायनशास्त्रज्ञ पाउल म्युलर यांना डीडीटीच्या कीटकनाशक गुणाच्या शोधासाठी १९४८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडील हिवताप निर्मूलनाच्या फवारण्यांशी त्या शोधाचा थेट संबंध आहे.

१८. सासरचे किंवा आजोळचे घराणे म्युलर आहे. वंशावळ कशी शोधावी?

आडनावाने शोधू नका, गावाने शोधा. संपूर्ण जर्मनीत नागरी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जानेवारी १८७६ पासून आहे. त्याआधीच्या नोंदी चर्चच्या वह्यांत मिळतात. गाव ठाऊक नसेल तर इतक्या म्युलरांतून आपला म्युलर निवडणे जवळपास अशक्य आहे.

तीन सापळे मात्र टाळावेत. लॅटिनमधील चर्चनोंदीत 'मोलिटर' हा शब्द दिसला, की ते आडनाव असेल असे नाही. बहुतेकदा तो केवळ धंदा असतो. दुसरे, गिरणीवाले खंडाच्या मुदतीप्रमाणे गिरण्या बदलत, त्यामुळे कुटुंब अचानक वहीतून नाहीसे झाले तर त्याच नदीवरच्या पुढच्या गिरणीच्या गावात पाहावे. गिरणीवाल्यांची लग्ने गिरणीवाल्यांच्याच घरांत होत असल्याने सुनेचे माहेर हाही चांगला धागा ठरतो. तिसरा सापळा पश्चिमेकडील वेस्टफालिया या प्रदेशातला आहे. तेथे घरजावई झालेला पुरुष बायकोच्या शेतवाड्याचे नाव घेई, म्हणून आडनाव सलग दिसले तरी पितृवंश सलग असतोच असे नाही.

१९. आज गिरणीत काम करणाऱ्याला म्युलर म्हणतात का?

बोलण्यात म्हणतात. मात्र प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाचे आजचे अधिकृत नाव 'गिरणी व धान्य-उद्योगातील प्रक्रिया-तंत्रज्ञ' अशा अर्थाचे लांबलचक आहे. जुन्या गिरण्यांपैकी कित्येक बंद पडल्या, काही जपून ठेवल्या आहेत आणि पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सोमवारी, जर्मन गिरणी-दिनी, त्यांची दारे सर्वांसाठी उघडतात. तेथे गेल्यास 'ग्लुक त्सू' असे अभिवादन करावे. गिरणीवाल्यांचा तो जुना रामराम आहे आणि पिठाने माखलेला माणूस त्याला त्याच शब्दांत उत्तर देतो.